चढायांची विभागणी (कबड्डी)

चढायांची विभागणी म्हणजे कबड्डीच्या सामन्यात संघाच्या वाट्याला येणाऱ्या चढाया कोणत्या खेळाडूने, किती वेळा आणि कोणत्या परिस्थितीत करावयाच्या, याविषयी प्रशिक्षक व कर्णधार यांनी ठरविलेली व्यवस्था होय. एका खेळाडूने किती चढाया कराव्यात, यावर कबड्डीच्या नियमांत कोणतीही मर्यादा नाही. एकदिवसीय क्रिकेटमध्ये एका गोलंदाजाला १० षटकांपेक्षा अधिक षटके टाकता येत नाहीत. त्यामुळे तेथे कामाची वाटणी काही अंशी नियमच करून देतात. कबड्डीत ही जबाबदारी सर्वस्वी संघावर असते. शालेय व महाविद्यालयीन स्पर्धांपासून प्रो कबड्डी लीगपर्यंत प्रत्येक संघाला या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते.

वरवर पाहता सर्वांत कुशल चढाईपटूला अधिकाधिक चढाया देणे हाच सोपा मार्ग वाटतो. परंतु कबड्डीत बाद झालेला खेळाडू क्रीडांगणाबाहेर बसतो आणि तो परत केव्हा येणार, हे त्याच्या सहकाऱ्यांनी मिळविलेल्या गुणांवर अवलंबून असते. म्हणून मुख्य चढाईपटू बाहेर असताना कोण आणि कशी चढाई करणार, हा विभागणीतील कळीचा मुद्दा ठरतो.

नियमांची चौकट

पुरुषांचे क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. प्रत्येक संघाचे ७ खेळाडू प्रत्यक्ष खेळतात आणि ५ राखीव असतात. पुरुषांचा सामना २० मिनिटांच्या दोन डावांत खेळला जातो; महिला व काही कनिष्ठ गटांसाठी प्रत्येक डाव १५ मिनिटांचा असतो. दोन्ही संघ आळीपाळीने चढाई करतात आणि एका चढाईसाठी ३० सेकंदांची मर्यादा असते. त्यामुळे ४० मिनिटांच्या सामन्यात एका संघाच्या वाट्याला साधारणपणे ४० च्या आसपास चढाया येतात. विभागणी करावयाची असते ती या चढायांची.

विभागणीवर पुढील नियमांचा थेट परिणाम होतो.

पहिला नियम खेळाडू जिवंत होण्याचा. प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला की आपला एक बाद गडी आत येतो. गडी ज्या क्रमाने बाद झाले, त्याच क्रमाने ते जिवंत होतात. मुख्य चढाईपटू संघातून चौथा बाद झाला असेल आणि त्याच्या आधीचे तिघे अद्याप बाहेरच असतील, तर तो आत येण्यासाठी प्रतिपक्षाचे चार गडी बाद करावे लागतात.

दुसरा नियम बोनस गुणाचा. बचाव करणाऱ्या संघाचे ६ किंवा ७ खेळाडू मैदानात असताना चढाईपटूने बोनस रेषा योग्य रीतीने ओलांडली, तर त्याला एक गुण मिळतो. मात्र या गुणाने कोणीही जिवंत होत नाही. गुणफलक पुढे सरकतो, बाक रिकामा होत नाही.

तिसरा नियम लागोपाठच्या निष्फळ चढायांचा. संघाच्या सलग दोन चढाया गुणाविना गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो. अन्यथा चढाईपटू बाद ठरतो. ही मोजणी खेळाडूची नसून संघाची असते. म्हणजे पहिल्या दोन निष्फळ चढाया एकाने केल्या, तरी तिसरीचा धोका दुसऱ्याच्या वाट्याला येऊ शकतो. प्रो कबड्डी लीगमुळे ही ‘करो या मरो’ चढाई सर्वदूर परिचित झाली.

चौथा नियम बदली खेळाडूंचा. बाद होऊन बाहेर बसलेल्या खेळाडूच्या जागी राखीव खेळाडू उतरविता येत नाही. बदली करावयाची तर ती मैदानात असलेल्या खेळाडूचीच करावी लागते. त्यामुळे मुख्य चढाईपटू बाद झाल्यास दुसरा चढाईपटू आधीपासूनच सात जणांत असणे आवश्यक ठरते, किंवा एखाद्या बचावपटूला बाहेर काढून त्याच्या जागी चढाईपटू आणावा लागतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

महाराष्ट्रात हुतूतू या नावाने रूढ असलेल्या या खेळाला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नियमबद्ध रूप येत गेले. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांबरोबर कबड्डीचेही प्रात्यक्षिक दाखविले होते. १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडा स्पर्धेपासून कबड्डी हा पदकांचा खेळ झाला.

पूर्वी खेळाचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार प्रचलित होते. गामिनीत बाद झालेला गडी संपूर्ण संघ बाद होईपर्यंत परत येत नसे. साहजिकच उत्तम चढाईपटूला प्रारंभीच धोक्यात घालणे संघाला महागात पडे. अमर प्रकारात गडी बाद ठरला तरी तो मैदानातच राही आणि केवळ गुणाची नोंद होई. तेथे एकाच खेळाडूने वारंवार चढाई करण्यास फारशी आडकाठी नव्हती. संजीवनी प्रकारात बाद गडी सहकाऱ्याच्या यशाने जिवंत होतो. आजची मान्य कबड्डी याच प्रकारावर उभी आहे. चढायांची विभागणी हा डावपेचाचा विषय झाला, तो मुख्यतः संजीवनीच्या या तत्त्वामुळे.

चढाईपटूंच्या भूमिका

संघात सामान्यतः तीन चढाईपटू ठरलेले असतात आणि गरजेनुसार एखादा अष्टपैलू खेळाडू त्यांना साथ देतो.

मुख्य चढाईपटूवर गुण मिळविण्याचा सर्वाधिक भार असतो. बचावफळी पूर्ण असताना, म्हणजे समोर सहा-सात खेळाडू उभे असताना, पकड चुकवून गडी टिपण्याची क्षमता त्याच्याकडे अपेक्षित असते.

दुसऱ्या चढाईपटूचे काम बहुधा कमी लेखले जाते. मुख्य चढाईपटू आत असताना तो त्याला विश्रांती मिळवून देतो आणि बाहेर असताना त्याला परत आणतो. त्यामुळे अशा वेळी त्याच्याकडून बोनसपेक्षा स्पर्शाचा गुण अपेक्षित असतो; बोनसने मुख्य चढाईपटू बाकावरून उठत नाही.

तिसरा चढाईपटू अनेकदा विशिष्ट प्रसंगांसाठी राखलेला असतो. काही संघ ‘करो या मरो’ चढाईसाठी थंड डोक्याचा, उंच व लांब पायांचा खेळाडू ठेवतात. काही संघ त्याला आघाडी टिकविण्याच्या काळात निदान रेषा ओलांडून सुरक्षित परतण्याचे काम देतात. पुरुषांच्या क्रीडांगणात ही रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटर अंतरावर असते. ती न ओलांडता आणि कोणाला स्पर्श न करता परतणारा चढाईपटू बाद ठरतो, म्हणून निष्फळ चढाईलाही कौशल्य लागते.

चढाईपटू कोणत्या बाजूने चढाई करतो, याचाही विचार होतो. सर्व चढाया एकाच बाजूने होऊ लागल्या, की प्रतिपक्षाच्या कोपरारक्षकाला त्याचे पदलालित्य व हुलकावण्या ओळखीच्या होतात. उजव्या व डाव्या बाजूचे चढाईपटू आलटून पालटून पाठविल्यास बचावफळीला दर वेळी आपली मांडणी बदलावी लागते.

विभागणीच्या पद्धती

ढोबळमानाने तीन पद्धती आढळतात.

एककेंद्री पद्धतीत मुख्य चढाईपटू आत असेपर्यंत जवळजवळ प्रत्येक चढाई तोच करतो. खेळाडू असामान्य असेल तर ही पद्धत फलदायी ठरते, कारण त्याला सूर सापडतो आणि समोरच्या बचावावर सतत दडपण राहते. त्याची पकड झाली, की मात्र संघाचे आक्रमण काही मिनिटे थांबल्यासारखे होते. अशा काळात प्रतिपक्षाला लोण चढविण्याची संधी मिळते.

जोडीच्या पद्धतीत दोन चढाईपटू साधारण आळीपाळीने जातात. एकाला बाद व्हावे लागले, तरी दुसरा त्याच लयीत खेळत असतो.

समूहपद्धतीत तीन किंवा अधिक खेळाडू चढायांचा भार वाहतात. कोणाही एकाचा बचाव आधीच आखून ठेवणे प्रतिपक्षाला कठीण जाते. मात्र या पद्धतीत प्रत्येकाला कमी चढाया मिळतात. ज्याला सुरुवातीच्या दोन-तीन चढायांनंतरच समोरच्या बचावाचा अंदाज येतो, अशा खेळाडूला ती मानवत नाही. शिवाय सातांपैकी अधिक जागा चढाईपटूंनी व्यापल्यास पकडीची बाजू दुबळी होण्याचा धोका असतो. म्हणून या पद्धतीत चढाईपटूंना बचावाचेही काम यावे लागते.

नोंदी आणि हिशेब

विभागणी केवळ अंदाजाने न करता नोंदींच्या आधारे करता येते. प्रत्येक खेळाडूच्या चढाया, मिळालेले गुण, किती वेळा पकड झाली आणि निष्फळ चढाया या चार रकान्यांची वही त्यासाठी पुरेशी असते.

उदाहरणादाखल, एका सामन्यात पहिल्या खेळाडूने २० चढायांत ९ गुण मिळविले आणि ५ वेळा त्याची पकड झाली. दुसऱ्याने १० चढायांत ४ गुण मिळविले आणि एकदाच पकड झाली, असे समजू. पकडीचा एक गुण प्रतिपक्षाला जातो. म्हणून पहिल्याची निव्वळ कमाई २० चढायांत ४, तर दुसऱ्याची १० चढायांत ३ ठरते. दर चढाईमागे हे प्रमाण अनुक्रमे ०.२ आणि ०.३ येते. गुणतक्त्यात पहिला खेळाडू उठून दिसतो. हिशेब केल्यावर दुसऱ्याला आणखी काही चढाया देण्याचा विचार सुचतो.

तथापि हा आकडा जसाच्या तसा वापरणे योग्य नसते. मुख्य चढाईपटू बहुधा भरलेल्या बचावासमोर आणि ‘करो या मरो’ प्रसंगी जातो. दुसऱ्याच्या वाट्याला तुलनेने सोप्या चढाया आलेल्या असतात. भार वाढविल्यावर त्याचे प्रमाण घसरू शकते. म्हणून समोर किती बचावपटू होते, चढाई कितवी होती आणि त्या वेळी गुणसंख्या काय होती, हे नोंदविलेले असल्यास तुलना अधिक न्याय्य होते. मुख्य चढाईपटू किती मिनिटे बाकावर बसला, हा रकाना नोंदवहीत क्वचितच असतो. संघाचे परावलंबित्व मात्र त्यातूनच सर्वांत स्पष्ट दिसते.

सामन्यातील प्रसंग

ठरविलेली विभागणी सामन्याच्या ओघात बदलावी लागते. प्रारंभी बचावफळी पूर्ण असल्याने बोनसमध्ये कुशल असलेल्या खेळाडूला पुढे केले जाते. समोर तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले, की त्यांनी केलेल्या पकडीस एक अधिक गुण मिळतो, ज्यास मराठी वृत्तपत्रे अव्वल पकड म्हणतात. लोण जवळ दिसत असताना घाईने अननुभवी खेळाडूला पाठविणे अशा वेळी अंगलट येऊ शकते.

आपले एक-दोनच खेळाडू उरले असतील आणि मुख्य चढाईपटू बाहेर असेल, तर काही संघ लोण फारसा न लांबविता स्वीकारतात. लोणाचे २ अतिरिक्त गुण प्रतिपक्षाला जातात, परंतु सातही खेळाडू एकदम आत येतात. हा निर्णय वेळ आणि गुणांतील फरक पाहून घेतला जातो.

बाद पद्धतीच्या स्पर्धेत सामना बरोबरीत सुटल्यास दोन्ही संघांना ५-५ चढाया दिल्या जातात आणि त्या पाच वेगवेगळ्या खेळाडूंनी कराव्या लागतात. त्यांची नावे व क्रम आधीच द्यावा लागतो. या चढायांत बाद होणे व जिवंत होणे हा नियम लागू नसतो आणि निदान रेषा हीच बोनस रेषाही मानली जाते. वर्षभर ज्या संघात एकाच खेळाडूने चढाया केल्या असतील, त्याला येथे आणखी चार नावे लिहिताना अडचण येते. म्हणून बचावपटूंनाही सरावात नियमित चढाया करावयास लावणे उपयुक्त ठरते.

महाविद्यालयीन कबड्डी आणि वाशिम जिल्हा

महाविद्यालयीन पातळीवर या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके होत. येथील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम व यवतमाळ हे पाच जिल्हे या क्षेत्रात मोडतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्राहून वेगळा खेळतो. त्यामुळे वाशिमच्या खेळाडूची वाट विदर्भाच्या संघातून जाते.

महाविद्यालयीन संघाचे प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालकाकडे असते. त्याच्यापुढे दोन हेतू एकाच वेळी उभे असतात : चालू सामना जिंकणे आणि पुढील वर्षांसाठी खेळाडू घडविणे. पदवीचा अभ्यासक्रम संपला की मुख्य चढाईपटू संघातून जातो. त्याच्या काळात इतरांना चढायाच मिळाल्या नसतील, तर पुढच्या हंगामात संघाला नव्याने प्रारंभ करावा लागतो.

खेळाडूंच्या दृष्टीनेही चढायांची संख्या महत्त्वाची असते. निवडकर्त्यांपुढे खेळ दाखविण्याची संधी चढाईतूनच मिळते. महाराष्ट्रात शासकीय व निमशासकीय सेवांत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी ठरावीक पातळीवरील स्पर्धांतील कामगिरी विचारात घेतली जाते. शेतीवर अवलंबून असलेल्या कुटुंबातील मुलामुलींसाठी ही बाब केवळ हौसेची राहत नाही. त्यामुळे विभागणी कोणत्या निकषांवर केली आहे, हे प्रशिक्षकाने खेळाडूंना आधीच समजावून सांगणे आणि नोंदवही त्यांच्यासाठी खुली ठेवणे हितावह ठरते.

शारीरिक भाराचाही विचार आवश्यक असतो. चढाई ही अल्पकाळाची, परंतु अत्यंत तीव्र हालचाल असते. अचानक दिशा बदलणे, उडी मारणे आणि तीन-चार जणांच्या पकडीतून मध्यरेषेकडे झेपावणे यांमुळे गुडघा, घोटा व खांदा यांवर ताण येतो. ग्रामीण भागातील स्पर्धांत एका संघाला एकाच दिवशी अनेक सामने खेळावे लागतात. मातीचे मैदान आणि मॅट यांवरील पकडही भिन्न असते. अशा वेळी दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध मुख्य चढाईपटूला मर्यादित चढाया देणे, आघाडी मिळताच राखीव खेळाडूला उतरविणे आणि दुखापत लपवून खेळणाऱ्याला वेळीच थांबविणे, ही प्रशिक्षकाची जबाबदारी मानली जाते.

उल्लेखनीय उदाहरणे

एककेंद्री पद्धतीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे पाटणा पायरेट्सचा प्रदीप नरवाल. प्रो कबड्डी लीगच्या २०१७ मधील पाचव्या हंगामात त्याने चढाईचे ३६९ गुण मिळविले आणि संघाने सलग तिसरे विजेतेपद पटकाविले. तथापि त्या संघात मोनू गोयत हा दुसरा सक्षम चढाईपटू होता. त्याच्या कामगिरीची दखल २०१८ च्या लिलावात घेतली गेली व हरियाणा स्टीलर्सने त्याला १ कोटी ५१ लाख रुपयांना घेतले.

२०१९ च्या सातव्या हंगामात बंगाल वॉरियर्सचा मुख्य चढाईपटू मणिंदर सिंग दुखापतीमुळे अंतिम सामना खेळू शकला नाही. तरीही बंगालने दबंग दिल्लीला ३९–३४ असे हरविले. दिल्लीच्या नवीन कुमारने त्या सामन्यात १८ गुण मिळविले होते. बंगालकडून मोहम्मद नबीबक्षसह इतरांनी चढायांचा भार उचलला. या संघाचे प्रशिक्षक बी. सी. रमेश होते.

रमेश यांच्याच मार्गदर्शनाखाली पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी दहाव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सचा २८–२५ असा पराभव करून पहिले विजेतेपद मिळविले. या संघात असलम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते आणि आकाश शिंदे यांच्यात चढाया वाटलेल्या होत्या. हंगामात चढाईचे सर्वाधिक गुण दबंग दिल्लीच्या आशू मलिकचे होते. विजेतेपद मात्र चढाया वाटून खेळणाऱ्या संघाकडे गेले. अंतिम सामन्यात पंकज मोहितेने एकाच चढाईत ४ गुण मिळविले.

अन्य खेळांशी तुलना

अमेरिकेतील विद्यापीठीय अमेरिकन फुटबॉलमध्ये असाच प्रश्न चेंडू घेऊन धावणाऱ्या ‘रनिंग बॅक’ खेळाडूंबाबत उद्भवतो. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या २००५ च्या संघात रेगी बुश हा चपळ आणि लेनडेल व्हाइट हा धिप्पाड धावपटू होता. दोघांनीही त्या हंगामात १,००० यार्डांहून अधिक अंतर कापले. ४ जानेवारी २००६ रोजी टेक्सास विद्यापीठाविरुद्धच्या अंतिम सामन्यात अखेरच्या मिनिटांत दोन यार्डांची गरज असताना चेंडू व्हाइटकडे देण्यात आला आणि बुश मैदानाबाहेर होता. व्हाइटला अडविण्यात आले आणि टेक्सासने सामना ४१–३८ असा जिंकला. या निर्णयाची चर्चा पुढे अनेक वर्षे होत राहिली.

दोन्ही खेळांत ताकद, वेग, थकवा आणि प्रसंग पाहून काम वाटले जाते. फरक असा, की अमेरिकन फुटबॉलमध्ये अडविला गेलेला धावपटू पुढच्याच खेळीत पुन्हा चेंडू घेऊ शकतो. कबड्डीत पकडला गेलेला चढाईपटू बाकावर जातो आणि सहकाऱ्याने प्रतिपक्षाचा गडी बाद केल्यानंतरच त्याची परतण्याची पाळी येते. म्हणून कबड्डीचा प्रशिक्षक दुसऱ्या व तिसऱ्या चढाईपटूंना ज्या चढाया देतो, त्यांत मुख्य चढाईपटूच्या पुढील चढाईचीही तरतूद असते.